चौदा महिन्यांची माफी

गार्गीने पत्र उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं आणि ती खुर्चीवरून ताडकन उठली.

"मालनताई, हे कुठून आणलंत?"

"घरनं. तुम्हीच म्हणालात ना, ह्यांचा कैदी नंबर कशावर असेल तर आणा. पत्रावर असतो." मालन जरा दचकली. "काय चुकलं का?"

"चुकलं? अहो, शनिवारची सकाळ काय सुंदर केलीत तुम्ही!" गार्गीने टेबलावरच्या फायली, चहाचा कप, मोबाईल सगळं कोपराने बाजूला सारलं आणि पत्र मधोमध ठेवलं. "हा शिक्का बघा. 'तपासले'. खाली तारीख, खाली तुरुंगातल्या अधिकाऱ्याची सही. आणि आत तुमचे मिस्टर काय लिहितात, ऐका. 'काल काशीरामच्या हाताला वाफ लागली, तरी तो भट्टीवरून हलला नाही. आज आम्ही अकरा जणांनी मिळून तीन हजार चपात्या काढल्या.' कळलं का? यांनी काम केलं हे खुद्द तुरुंगानेच वाचलंय आणि वाचून सही केलीय!"

शेजारच्या बाकावर बसलेली शेवंती मुलाचं नाव ऐकून पुढे सरकली. घाटकोपरहून दोन बस बदलून ती दर शनिवारी अंधेरी कोर्टासमोरच्या या कचेरीत येऊन बसायची, काम असो नसो.

"काय गावला गो? माझ्या काशीरामाचा नाव घेतल्यान ना त्येनी?"

"घेतलं, मावशी," गार्गी म्हणाली. "हात भाजला तरी भट्टी सोडली नाही म्हणे."

"तो तसोच," शेवंती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसतापुसता हसली.

प्रकरण अकरा कैद्यांचं होतं. साथीच्या काळात हे अकरा जण सलग चौदा महिने एका तुरुंगाच्या भटारखान्यात राबले. नंतर एकाच गाडीत बसवून त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलवलं. चांगल्या वागणुकीचे आणि कामाचे मिळून महिन्याला सात दिवस शिक्षेतून कमी होतात. कैदी त्याला माफी म्हणतात. नव्या तुरुंगाने मात्र त्या चौदा महिन्यांपुढे शून्य मांडलं, कारण जुन्या तुरुंगातली हजेरीची वहीच सापडत नव्हती. मग अकरा जणांनी एका फुलस्केप कागदावर सह्या-अंगठे करून 'आमचे दिवस पुन्हा मोजा' असा अर्ज हायकोर्टाला पाठवला. कोर्टाने तो मोफत वकील म्हणून गार्गीकडे सोपवला. सरकारी बाजूचं उत्तर एका ओळीचं होतं: काम केल्याचा पुरावा दाखवा. गेले पाच महिने गार्गी तोच शोधत होती.

"अशी किती पत्रं आहेत तुमच्याकडे?"

"सगळी आहेत. तेव्हा मुलाखती बंद होत्या ना. ते महिन्याला एक लिहायचे. मी एकही टाकलं नाही."

"म्हणजे चौदा!" गार्गीने टेबलावर थाप मारली. "ज्या महिन्याचं पत्र, त्या महिन्याचे दिवस. चौदा साते अठ्ठ्याण्णव. मावशी, अठ्ठ्याण्णव दिवस!"

"म्हंजे माझो काशीराम कधी येतलो?"

"ते मंगळवारी मांडून सांगते. गुरुवारी तारीख आहे. मालनताई, सोमवारी मला सगळी मूळ पत्रं हवीत, आणि प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर. तुमची श्रुतिका करेल ना? तिचं इंग्रजी चांगलं आहे."

मालनच्या हातातली पिशवी घसरली. ती उचलायला ती वाकली आणि नको इतका वेळ वाकून राहिली.

"करेल," ती म्हणाली.

*

जोगेश्वरीच्या चाळीत मालन घरी पोचली तेव्हा श्रुतिका अजून कॉलेजमध्ये होती. मालनने दार लोटून घेतलं, स्टुलावर चढून माळ्यावरची साडीची प्लास्टिकची पिशवी काढली आणि पत्रं जमिनीवर तारखेने मांडली. ऑक्टोबर वीसपासून नोव्हेंबर एकवीसपर्यंत. बारावं पत्र तिने न उघडताच वेगळं केलं. त्यातली ओळन्‌ओळ तिला पाठ होती.

सप्टेंबरचं पत्र. पहिली दीड पानं भटारखान्याची होती: तिसऱ्या बराकीतल्या आजारी माणसांसाठी वेगळी पेज होते, काशीराम आणि मी पहाटे उठून ती करतो, जिरं मिळत नाही. मग एक ओळ मोकळी सोडून चंद्रप्रकाशने लिहिलं होतं: 'अपील फेटाळलं, हे वकिलांनी सांगितलं असेल. आता कुणासाठी लपवू? दादू घसरला नाही, मालन. मी ढकलला. दोन्ही हातांनी ढकलला. श्रुतिकाला तू सांगू नकोस. सांगायचं तर मी सांगेन.'

दादू वरच्या मजल्यावर राहायचा. पाण्यावरून, कचऱ्यावरून, कशावरूनही भांडायचा; प्यायला की आयाबहिणींवर जायचा. त्या दिवशी जिन्यावर त्याचं आणि चंद्रप्रकाशचं वाजलं, आणि दादू खालच्या फरशीवर डोक्यावर पडला. तो स्वतःच घसरला, असं चंद्रप्रकाशने पोलिसांना सांगितलं, कोर्टाला सांगितलं, बायकोला सांगितलं. कोर्टाने विश्वास ठेवला नाही. दहा वर्षं दिली. तेरा वर्षांच्या श्रुतिकाने मात्र ठेवला. 'माझ्या पप्पांनी काही केलेलं नाही' यावरून तिने शाळेत एका मुलीच्या कानाखाली वाजवली होती.

मालनने पत्राच्या घडीची पुन्हा एक घडी केली आणि ती मरोळला कारखान्यात न्यायच्या डब्याच्या पिशवीत, तळाच्या पुठ्ठ्याखाली सरकवली. तिथे ती शर्टांची शिवण तपासायचं काम करायची. दिवसाला चारशे शर्ट हाताखालून जायचे आणि एक उसवलेला टाका नजरेतून सुटायचा नाही. आज पुठ्ठा सरळ बसवताना तिची बोटं तीनदा चुकली.

श्रुतिका आली ती बातमी ऐकून पायातल्या चपला न काढताच नाचली.

"आई, अठ्ठ्याण्णव दिवस? झकास! म्हणजे नाताळच्या आत पप्पा घरी! दाखव, दाखव, कुठायत?"

रविवारी सकाळपासून तिने पत्रं घेतली. जमिनीवर पालथी पडून ती लिहीत होती आणि मधूनच मोठ्याने वाचत होती.

"आई, ऐक ना. 'इथे एक मांजर आहे. डाळ उतू गेली की आमच्या आधी तिला कळतं. साहेब म्हणाले, हिलाच कामाला लावा.' उतू जाणं इंग्रजीत कसं लिहू? आणि हे बघ, 'मीठ जास्त पडलं म्हणून शंभर जण ओरडले. तू असतीस तर एकटीच ओरडली असतीस, पण शंभरांहून जास्त.'"

मालन हसली. पत्रातली वाक्यं आपल्या पोरीच्या तोंडून ऐकताना तिला वाटलं, माणूस आत्ताच दारात उभा आहे. दुपारी दोघींनी भाताबरोबर नुसतं कालचं सार खाल्लं. स्वयंपाक करायला कुणाला सवड होती? संध्याकाळी श्रुतिकाने कागद जुळवले, मोजले.

"तेराच आहेत गं. सप्टेंबरचं?"

"नसेल आलं त्या महिन्यात."

श्रुतिकाने आईकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"बरं," ती म्हणाली.

*

मंगळवारी गार्गीच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. अकरांपैकी आठ जणांच्या घरची माणसं आली होती. कुणी मुलुंडहून, कुणी मनोरीहून पहिली बोट धरून. गार्गी एकेक नाव घेत होती, कॅलेंडरवर बोट ठेवून सुटकेची तारीख सांगत होती, आणि प्रत्येक तारखेला खोलीत कुणीतरी हात जोडत होतं, कुणीतरी शेजाऱ्याची पाठ थोपटत होतं. एका म्हाताऱ्याने तारीख तळहातावर लिहून घेतली.

"तेरा महिन्यांचे एक्क्याण्णव दिवस धरलेत," गार्गी म्हणाली. "एका महिन्याचं पत्र नाही, ते सात दिवस सुटले. पण एक्क्याण्णव कमी नाहीत. चंद्रप्रकाश, सव्वीस डिसेंबर. काशीराम, नऊ डिसेंबर."

"नव?" शेवंतीने विचारलं. "पाचच्या आधी नाय जमाचा?"

शेवंतीच्या नातीचं, दीप्तीचं, सगळ्यांना माहीत होतं. काशीरामची ही एकुलती एक मुलगी, नुकतीच परिचारिका झालेली. पाच डिसेंबरला ओमानला निघाली होती, दोन वर्षांच्या करारावर.

गार्गीने कॅलेंडरकडे पाहिलं. "ते सात दिवस धरले असते तर दोन तारीख होती, मावशी. पण पुराव्याशिवाय मी मागू शकत नाही. एक महिना खोटा निघाला तर तेराही जातील."

"चार दिवसांचो फरक," शेवंती स्वतःशीच म्हणाली. मग तिने मान हलवली. "जांवदे गो. कालपर्यंत तां पण खंय होतां? दीप्तीक बापूस फोनार दिसतलो." आणि शेजारी उभ्या असलेल्या मालनचा हात धरून ती म्हणाली, "तुझ्या घोवान लिवल्यान आणि तू जपलंस, म्हणून ह्यां झाला. देव तुझा भला करो."

मालनला तो हात सोडवूनही घेता येईना आणि धरूनही ठेवता येईना.

घरी आल्यावर तिने श्रुतिकाला सगळं सांगितलं: गर्दी, तारखा, तळहातावर लिहिणारा म्हातारा. दीप्तीचंही सांगितलं. श्रुतिका कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, "चार दिवस फक्त?" आणि मालन "हो" म्हणाल्यावर पुन्हा घड्या घालायला लागली.

*

बुधवारी अर्धा दिवस भरून मालनने कारखान्यातून सुट्टी मागितली. मरोळहून अंधेरीपर्यंत रिक्षा केली. एरवी ती चालत जायची. सिग्नलला रिक्षा थांबली की ती पिशवीच्या तळाशी हात घालून पुठ्ठा चाचपायची. परत जावं, असं तिला चकाल्याला एकदा वाटलं. पण रिक्षावाल्याला तिने सांगितलं ते उलटंच. "भाऊ, जरा जोरात घ्या ना."

गार्गी एकटीच होती. मालनने पत्र टेबलावर ठेवलं, पण वरचा हात काढला नाही.

"मॅडम, मी खोटं बोलले. सप्टेंबरचं पत्र आहे." तिला धाप लागली होती. "हे कोर्टात द्या. पण त्यात दुसरंही लिहिलंय. ते वाचून ह्यांचं काही बिघडेल का? सुटका थांबेल?"

गार्गीने तिच्या हाताखालून पत्र अलगद काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

"नाही. त्या गुन्ह्याची शिक्षाच ते भोगतायत. त्यात आता काही वाढत नाही."

"मग एकच करा. ह्याचं भाषांतर तुम्ही करा. श्रुतिकाला देऊ नका. तिला ठाऊक नाही."

गार्गीने शेजारची फाईल उघडली, त्यातून दोन टाचलेले कागद काढले आणि मालनसमोर ठेवले. इंग्रजी मालनला धड वाचता येत नव्हतं. पण वरची तारीख तिला कळली. आणि मध्ये एक ओळ मोकळी सोडलेली होती, ती कळली. खाली कोपऱ्यात, शाळेपासून ओळखीची ती तिरकी सही.

"सकाळी कॉलेजला जाताना देऊन गेली," गार्गी म्हणाली. "मी विचारलं, मूळ पत्र कुठाय? म्हणाली, आई आज आणून देईल."

मालनने त्या सहीवरून बोट फिरवलं.

"आज, असं म्हणाली?"

"आज."

गार्गीने पाण्याचा पेला पुढे केला. तो तसाच राहिला. मालन जिना उतरली ती इतक्या वेगाने, की गार्गीला मागून ओरडून सांगावं लागलं, "उद्या साडेदहाला, मालनताई! उशीर नको!"

श्रुतिका घरात पोहे भिजवत होती. मालन दारातच थांबली.

"कधी वाचलंस?"

"बारावीचा फॉर्म भरताना. रेशनकार्ड शोधत होते." श्रुतिकाने मान वर केली नाही. "फोटो काढून ठेवला होता मोबाईलमध्ये. का काढला, काय माहीत."

तीन वर्षं. मालनला आठवलं, त्याच सुमारास कधीतरी पोरीने लोकांशी भांडणं सोडलं होतं. कुणी काही बोललं की ती नुसती उठून जायची. मालनला वाटलं होतं, मोठी झाली, शहाणी झाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

श्रुतिकाने पोह्यांतलं पाणी निथळवलं आणि म्हणाली, "आई, कांदा चिरून दे ना. माझ्या डोळ्यांत जातो."

*

गुरुवारी न्यायमूर्तींनी पत्रांची चळत समोर ओढली. मागच्या बाकावर मालनच्या एका बाजूला शेवंती होती, दुसऱ्या बाजूला श्रुतिका. न्यायमूर्ती एकेक पत्र उलटून शिक्का बघत होते. एका पत्रावर ते हसले, मांजराचं असणार. बाराव्यावर थांबले. पान उलटलं, पुन्हा मागे आले. चष्मा वर करून त्यांनी मागच्या बाकांकडे नजर टाकली, मग पत्र काळजीपूर्वक पालथं ठेवलं आणि सरकारी वकिलाला काहीतरी विचारलं.

"काय विचारतायत?" मालनने कुजबुजत विचारलं.

"हे शिक्के तुमच्याच तुरुंगाचे ना, असं," श्रुतिका म्हणाली.

सरकारी वकील मागे बसलेल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे वळले. अधिकाऱ्याने पत्र हातात घेतलं, सही पाहिली, आणि मान हलवली. होकारार्थी.

"आता?"

"आता विचारतायत, मग वही हरवल्याची शिक्षा कैद्यांना का?"

निकाल सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इंग्रजीतून भराभर काहीतरी सांगितलं गेलं आणि गार्गीने टेबलाखाली मूठ आवळली. श्रुतिका आईच्या कानाशी आली.

"चौदा महिने, आई. चौदाही. अठ्ठ्याण्णव."

दालनाबाहेर येईपर्यंत शेवंतीने कसाबसा दम धरला. बाहेरच्या व्हरांड्यात तिने श्रुतिकाचे दोन्ही गाल धरले आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलत सुटली. काळे कोट घातलेली माणसं वळून बघायला लागली. मुलुंडच्या एका बाईने पिशवीतून पेढे काढले. निकालाआधीच आणले होते म्हणे, एवढा भरवसा. गार्गीने सलग दोन खाल्ले आणि हात पुसायला रुमाल सापडेना म्हणून काळ्या कोटालाच पुसले.

दोन डिसेंबरला काशीराम सुटला. पाच तारखेला सकाळी मालनचा फोन वाजला तेव्हा पलीकडे विमानतळाचा गलका होता आणि त्यावर चढलेला शेवंतीचा आवाज. "दोघा बापलेकी नुसती रडतत गो! कोण कोणाक समजवता, काय समजना नाय!"

*

एकोणीस तारखेला दुपारी चंद्रप्रकाश चाळीत आला. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. जिन्यापाशी तो थांबला. मालनला वाटलं, दमला. पण तो जिन्याच्या खालच्या फरशीकडे बघत होता. मग कठडा न धरता, भिंतीच्या बाजूने एकेक पायरी चढला.

सगळी गॅलरी जमली होती. कुणी हार आणला होता, कुणी भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या आजींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला.

"काय केलं होतंस रे बाबा तू? तो बेवडा आपल्या पायाने मेला, आणि तुझी साडेसात वर्षं फुकट गेली."

"फुकट नाही गेली, आजी," श्रुतिका म्हणाली. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. आवाज शांत होता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "भोगून आलेत."

आजींना ते नीट कळलं नसावं. "हो गं बाई, भोगच ते," असं म्हणून त्या मागे सरल्या. पण चंद्रप्रकाशचा हात गळ्यातल्या हारावर तसाच राहिला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग मालनकडे. मालनने नजर खाली केली नाही.

माणसं हळूहळू पांगली. चंद्रप्रकाश आत येऊन पलंगाच्या कडेवर बसला. श्रुतिकाने दिलेलं पाणी त्याने एका दमात संपवलं आणि तांब्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"बाळा, तुला कोणी—" तो म्हणाला. "म्हणजे मला तुला काहीतरी सांगायचंय. खूप दिवसांपासून."

"माहितीये, पप्पा."

"माहितीये?"

"तरी सांगा. मला तुमच्याकडून ऐकायचंय."

चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नसे. श्रुतिका उठली, दार लावून कडी घातली आणि येऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली.